एमिलबेकचं वजन

"एक... दोन... हं!"

तुर्दाकुनने एमिलबेकच्या काखांत हात घालून जोर लावला. एमिलबेक पत्र्याच्या टबातून वीतभर वर आला आणि तेवढ्यात म्हाताऱ्याच्या कमरेत कळ उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सुटले नाहीत, पण गुडघे गेले. शेगडीजवळच्या ओल्या मेणकापडावर दोघेही आडवे झाले. खाली मास्तर, वर शागीर्द.

"अगं बाई गं!" हातातला टॉवेल टाकून एमिलबेकची आई अनारखान धावली. "मान! आधी त्याची मान बघा!"

"धरलीय," तुर्दाकुन दात आवळून म्हणाला. आणि खरंच, पडता पडता त्याच्या पंजाने एमिलबेकचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं.

एमिलबेक हसायला लागला. त्याचं हसूही आता श्वास पुरेल तेवढंच असायचं.

"आगाय, पाठ टेकली की तुमची. दोन्ही खांदे जमिनीला. पंच असता तर शिट्टी मारली असती."

"गप बस, गाढवा."

अनारखानने शेजारच्या घरातून दोन गड्यांना बोलावून आणलं. त्यांनी एमिलबेकला पलंगावर ठेवलं, आगायला भिंतीशी टेकवून बसवलं, आणि ओल्या उघड्या देहाकडे पाहायचं टाळत ते चहासुद्धा न घेता निघून गेले.

तुर्दाकुन साऱ्या अत-बाशी गावाचा आगाय, म्हणजे मास्तर. शाळेमागच्या कुस्तीच्या हॉलमध्ये त्याने अर्ध्या गावाला लहानाचं मोठं केलं होतं. बसका, रुंद छातीचा, कान चुरगळलेले. बोलणं कमी आणि जे असेल ते बहुधा शिवीच. एमिलबेक त्याच्याकडे आला तो कुस्तीसाठी नव्हेच. बाप डोंगरात घोड्यासकट बर्फाखाली गेलेला, घरात कोळसा नाही, आणि हॉलची शेगडी मात्र दिवसभर धगधगती. पोर कोपऱ्यात बसून हात शेकायचं. एक दिवस तुर्दाकुन म्हणाला, "ऊब फुकट मिळत नाही इथं. ऊठ, कपडे काढ." तिथून सुरुवात झाली. त्यानंतर थंडीच्या दिवसांत पोराचं रात्रीचं जेवण आगायच्या घरीच असायचं.

एकोणिसाव्या वर्षी प्रांताच्या अंतिम लढतीत समोरच्याने एमिलबेकला कमरेत धरून उचललं आणि मागे टाकलं. डाव नियमातलाच होता. प्रतिस्पर्धी पोरगाही वाईट नव्हता; तो नंतर कितीतरी दिवस दवाखान्याच्या दारात बसून रडायचा. एमिलबेक मानेवर पडला आणि मानेखालचं सगळं कायमचं शांत झालं.

तेव्हापासून तुर्दाकुन एक दिवसाआड या घरी यायचा. पोराला आंघोळ घालायची, कुशी बदलायच्या, निर्जीव हातपाय वाकवून सरळ करायचे, पाठ चोळायची. चौदा वर्षं. तुर्दाकुनची बायको जिवंत असताना म्हणायची, "स्वतःच्या लेकीला कधी न्हाऊ घातलंत का हो?" लेक जिबेक राजधानीत नांदत होती. तिनेही तो टोमणा आईकडून वारशात घेतला होता.

अनारखानने लोणी घातलेला चहा आणून ठेवला आणि स्वतः बाहेर कोळसा आणायला गेली. ती मुद्दामच गेली, हे तुर्दाकुनच्या लक्षात आलं.

"आगाय," एमिलबेक छताकडे बघत म्हणाला, "एक सांगायचंय. ओरडणार नसाल तर."

"ओरडीन."

"मी घाटापलीकडच्या अपंगगृहात जातोय. जागा मिळालीय. पुढच्या आठवड्यात गाडी येईल."

तुर्दाकुनची चहाची वाटी तोंडाशीच थांबली. "कुणी ठरवलं हे?"

"मी. मामाकडून अर्ज लिहून घेतला."

"आणि मला विचारायची गरज नाही वाटली?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असता?"

"तंगडी मोडली असती तुझी!"

बोलून गेल्यावर म्हाताऱ्याने जीभ चावली. मग एमिलबेकच पुन्हा हसला. "मोडा की. मला कळायचंसुद्धा नाही."

"पोरा, मस्करी करू नकोस."

"आईच्या हातात वाटी राहत नाही, आगाय. आणि तुम्हाला नारीन शहरातल्या डॉक्टरनं काय सांगितलंय ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. हृदय ताणायचं नाही म्हणून. तुम्ही तेवढं लपवत बसलाय. उद्या माझ्याच अंगावर तुम्ही मेलात तर मला बाजूलाही सरकता यायचं नाही. पडून राहीन तुमच्याखाली."

तुर्दाकुनने वाटी खाली ठेवली. त्याने टोपी उचलली आणि वाकडातिकडा चालत बाहेर पडला.

घरी न जाता तो थेट बाजारात बेकतूरच्या दुकानावर गेला. बेकतूर गाड्यांचे सुटे भाग विकायचा. आता पोट सुटलं होतं, पण एकेकाळी एमिलबेकचा सरावातला जोडीदार तोच. दोघांनी एकमेकांना हजारदा आपटलं होतं आणि एकाच ताटात खाल्लं होतं.

"बेकतूर, आठवड्यातून तीनदा त्याला उचलायचं. बाकीचं मी करीन. तेवढं झालं तर पोरगा घरी राहील."

"आगाय! तुम्ही सांगायचं आणि आम्ही नाही म्हणायचं?" बेकतूरने दोन्ही हातांनी म्हाताऱ्याचा हात धरला. "माझा भाऊच आहे तो. उद्याच येतो. आणखी कुणाला तरी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. मटण आणलं होतं, गोडधोड आणलं होतं, दारातच मोठ्याने हाका मारल्या. चौदा वर्षांत तो सणावारी उंबऱ्यापर्यंत यायचा आणि अनारखानच्या हातात पिशवी देऊन परतायचा. आज आत आला. तुर्दाकुनने पांघरूण बाजूला केलं.

बेकतूरने पाहिलं. काठ्यांसारखे पाय, पोटावरची नळी, कमरेवरचे दवाखान्यातले जुने काळे व्रण. त्याने हात पुढे केले, एमिलबेकच्या पाठीखाली घातले, आणि तसाच थांबला. हात काढून घेऊन तो अंगणात पळाला.

तुर्दाकुन त्याच्या मागोमाग गेला. बेकतूर कुंपणाला धरून ओकत होता.

"नाही जमत मला, आगाय. मारा मला हवं तर. तो... तो मला खांद्यावर घेऊन पळायचा हो!"

"मग आता तू घे की त्याला."

"नाही जमत."

तुर्दाकुनने मारायला हात उचलला. मग तोच हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "जा. घरी जा."

आत आला तेव्हा एमिलबेकचे डोळे मिटलेले होते.

"त्याला पुन्हा आणू नका. त्याच्या तोंडाकडं बघितलं की मला मी दिसतो. तुमच्याकडं बघून तसं कधी वाटलं नाही."

गाडी आली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी हाडांत शिरत होती. तुर्दाकुनने एमिलबेकची दाढी केली, नवा सदरा घातला. गाडीबरोबर आलेले दोघे तरुण घाईत होते. एकाने पाय धरले, दुसऱ्याने खांदे.

"मान! मानेखाली हात घाल, हरामखोरा!" तुर्दाकुन किंचाळला.

"कळतं हो बाबा आम्हाला, रोजचंच आहे," तो तरुण म्हणाला.

दार लागण्याआधी एमिलबेक म्हणाला, "आगाय, सराव चुकवू नका. पोरं वाट बघत असतील."

अनारखान रडली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती आत गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहिली. तुर्दाकुन हॉलवर गेला. पोरं रांगेत उभी होती. त्याने त्यांना हॉलभोवती पळायला लावलं आणि थांबा म्हणायचं विसरून गेला.

बर्फ वितळून घाट मोकळा झाला तसा तो अपंगगृहाकडे निघाला. अनारखानला यायचं होतं, पण तिला ताप होता. तिने बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, पिशवी दिली. फोनवर एमिलबेक नेहमी म्हणायचा, "मस्त आहे इथं, खिडकीतून झाडं दिसतात." ते आठवत तुर्दाकुन त्या लांब खोलीत शिरला. एमिलबेकची खाट दाराशी होती. खिडकी दुसऱ्या टोकाला.

एमिलबेकचा चेहरा मेणासारखा झाला होता. म्हाताऱ्याला पाहून तो उजळला.

"आलात! बेकतूर कसा आहे?"

"जाडा झालाय."

"आई?"

"बरी आहे," तुर्दाकुन खोटं बोलला. वाकल्यावर त्याला तो वास आला. गोडसर, कुजका. चौदा वर्षं ज्या वासाला त्याने त्या घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, तो वास. त्याने पांघरुणाखाली हात घातला. उजव्या खांद्याच्या हाडाजवळ बोटं ओली झाली.

"कधी वळवलं होतं तुला?"

"वळवतात की."

"कधी, एमिल?"

एमिलबेकने नजर बाजूला वळवली.

तुर्दाकुनने परिचारिकेला गाठलं. ती थकलेली बाई होती, वाईट नव्हती. "आम्ही दोघी आणि ही एवढी माणसं, आजोबा. संध्याकाळी गडी येतो, तेव्हा वळवू."

तो परत आला. कोट काढला. पाय फाकवून खाटेशी उभा राहिला, कमरेत वाकला, आणि जोर लावायच्या आधीच छातीत कुणीतरी मूठ आवळली. त्याला खाटेचा गज धरावा लागला.

"नको आगाय," एमिलबेक हळूच म्हणाला. "बसा. नुसते बसा."

तो स्टुलावर बसला. मग त्याने दोन्ही पंजे एकावर एक ठेवून एमिलबेकच्या खांद्याखाली सरकवले, कोपरं खाटेच्या कडेवर टेकली आणि मनगटं ताठ केली. खांदा गादीपासून बोटभर सुटला. जखमेला वारा लागला असावा. एमिलबेकच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. त्याला तिथलं काही जाणवत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

"पोरांत कुणी आहे का बघण्यासारखा?"

"एक आहे. पट बरा काढतो. मूर्ख आहे."

"सगळेच असतो सुरुवातीला," एमिलबेक म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला झोप लागली.

खिडकीकडच्या खाटांवरचं ऊन निघून गेलं. अत-बाशीकडे जाणारी गाडी सुटायची वेळ झाली आणि टळून गेली. परिचारिकेने दारातून डोकावून भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं, मग त्याचे हात कुठे आहेत ते पाहून ती निघून गेली. तुर्दाकुनच्या बोटांत मुंग्या आल्या, मग मुंग्याही थांबल्या. आपले हात आता त्याला जाणवत नव्हते. तरी त्याने ते काढले नाहीत.