वरच्या खोलीतली टकटक

जुन्या घराच्या छतावर ओलीचा डाग दिसला की आपण काय करतो? वरून रंगाचा हात फिरवतो आणि विषय संपवतो. एका फोटोग्राफरनेही तेच केलं होतं.

घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं. खाली रस्त्याला लागून त्याचा स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर, आणि वरच्या खोलीत आई. वडील गेल्यावर काही वर्षांनी त्या खोलीत दुपारी एक आवाज येऊ लागला. टक्. मग बराच वेळ शांतता. पुन्हा टक्. आई म्हणे, "हे आले."

वडील हयात असताना जेवण झालं की काठीने तुळया ठोकत घरभर फिरायचे. कुठे पोकळ वाजतंय का ते बघायचे. दर महिन्याच्या कमाईतून घराचा वाटा आधी बाजूला काढायचे, मग बाकीचा संसार. आईला वाटे, ते अजून फिरताहेत. ती त्या आवाजाची वाट बघत पडून राही. सुनेच्या मात्र अंगावर काटा येई. वाळलेले कपडे आणायलाही ती एकटी वर जात नसे.

वडिलांबरोबर घराचा वाटाही गेला. गच्चीला तडा पडलाय हे फोटोग्राफरला ठाऊक होतं. पण आधी स्टुडिओला काचेचं दार आलं, मग नवे दिवे, मग दर्शनी भिंतीला झकास रंग. "गिऱ्हाईक समोरचं बघतं, गच्चीवर कोण चढतंय?" असं तो हसून म्हणायचा.

एकदा आईची धाकटी बहीण राहायला आली. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन म्हणून काम केलेली बाई. दुपारी तिनेही तो आवाज ऐकला. ती पलंगावर उभी राहिली आणि तिने तुळईला बोट लावून पाहिलं. बोट लाकडात रुतलं. तशीच खाली येऊन तिने भाच्याला छत दुरुस्त करून घ्यायला सांगितलं.

"पुढच्या वर्षी नक्की करतो, मावशी," तो म्हणाला. "सध्या हात जरा आखडता आहे."

"दिवे घेताना नव्हता आखडता? ताप आलेल्या माणसाला पावडर लावून फोटोला बसवशील का तू? मग घराला का बसवतोस? बडा घर पोकळ वासा ही म्हण तुझ्या आईच्या डोक्यावर टांगलीय, बाबा."

निदान आईला खाली आणायचं ठरलं. आई हटून बसली. "मी इथून हलले तर ते मला कुठे शोधतील?" ते ऐकून फोटोग्राफरला वाईट वाटायला हवं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आईच नको म्हणते, तर आपण काय करणार! मावशीने मात्र निघण्याआधी, बहीण अंघोळीला गेलेली पाहून, पलंग भिंतीकडे सरकवून ठेवला.

काही दिवसांनी तो एका कुटुंबाचा फोटो काढत होता. "हसा," म्हणाला, आणि वर घर कोसळल्यासारखा आवाज झाला. तो धावला. खोलीभर धूळ. तुळई मधोमध मोडून, पलंग पूर्वी होता तिथे पडली होती. आई भिंतीशी अंग चोरून बसली होती. गिलाव्याच्या ढेकळाने तिचा खांदा मोडला होता.

इस्पितळात खांदा बांधून झाल्यावर तिने विचारलं, "आता आवाज येत नाही ना रे?"

"नाही, आई. ती तुळई तडकत होती."

ती म्हणाली, "म्हणजे ते नव्हतेच," आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मृत्यूने एकदा नेलेला आईचा नवरा आपण दुसऱ्यांदा नेला, हे त्याला त्या क्षणी कळलं!

त्याने दिवे विकले, उरलेल्यासाठी कर्ज काढलं, गच्ची आणि छत नीट करून घेतलं. आता दर महिन्याला घराचा वाटा आधी निघतो, मग बाकी सगळं. आई खाली झोपते. खांदा सांधला, पण दुपारी तिला झोप लागत नाही. ती नुसती छताकडे बघत पडून राहते, आणि त्यावर त्याच्याकडे काही इलाज नाही.

मंडळी, जुन्या घराचं दुखणं अचानक येत नाही. ते आधी सांगत असतं. आपण त्यावर रंग फासतो. घर धड उभं आहे तोवरच, दर महिन्याला थोडा का होईना, त्याचा वाटा बाजूला काढा. छत नवं घालता येतं. त्याखाली जे मोडतं, ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही.