डाव्या हाताची वायर

मी कॅमेऱ्याची वायर बोलतेय. एका टोकाला कॅमेऱ्यात खुपसायची पिन, दुसऱ्या टोकाला अंगठ्याखाली मावेल असं बटण आणि मधे हातभर काळी शेपटी, एवढाच माझा पसारा. बटण दाबलं की कॅमेऱ्याला हात न लावता फोटो निघतो. माझ्या आत तीन बारीक तारा आहेत, बाकी काही नाही. त्यामुळे मी जे सांगेन ते जरा कोरडंच असेल. तेवढं चालवून घ्या.

कारखान्यात एका बाईनं डाग देऊन माझ्या तारा जोडल्या, दुसरीनं झाकण दाबून बसवलं, तिसरीनं तीनदा बटण दाबून पाहिलं आणि मला पाकिटात सारलं. तिघींपैकी एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. हात आपले चालले होते आणि गप्पा चालल्या होत्या कुणाच्या तरी सुनेच्या. मला वाईट वाटलं नाही. वाटायला आत जागा कुठे होती?

तिथून मी आले कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानात. काउंटरमागच्या खिळ्याला दोन वर्षं लटकले. वरून माणसांचा एक गुण बघितला. कॅमेरा घेताना ती महिनामहिना डोकं खाजवतात, दहा जणांना विचारतात. आणि तो घेऊन झाला की बारीकसारीक वस्तू मात्र गोळ्याबिस्किटं उचलावीत तशा उचलतात. हा पट्टा द्या, तो छोटा दिवा द्या, ती झाकण अडकवायची दोरीही असू दे. घरी गेल्यावर त्यातलं निम्मं ड्रॉवरच्या तळाला जाणार, हे दुकानदाराला ठाऊक असे. चष्मा कपाळावर सारून बसणारा जाडजूड माणूस तो. विचारलं तर खरं सांगायचा. विचारायचं मात्र कोणी नाही.

मला दोन-तीनदा खाली काढलं. "हे तर मोबाईलवरूनही होतं की," म्हणून परत टांगलं.

मग एका दुपारी काकू आल्या.

त्यांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. दार ढकलणं, पिशवी सांभाळणं, पिशवीतून कॅमेरा काढणं, सगळं डाव्या हातानं चाललेलं. कॅमेरा काउंटरवर ठेवताना जवळजवळ आपटलाच.

"वहिनी, हाताला काय लागलं?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही. आज तो वापरायचा नाही असं ठरवलंय. सकाळपासून."

दुकानदारानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. त्याला कळलं होतं. मला पुढे घरी गेल्यावर कळलं.

काकूंच्या नवऱ्याला सगळी गल्ली फोटोकाका म्हणते. तीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ चालवला. ओळखपत्रांचे फोटो, शाळेतल्या वर्गांचे फोटो, साखरपुड्यांचे फोटो. त्या दुपारच्या चार महिने आधी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. त्यांना वाटलं, निसटला. उचलायला गेले तर बोटं उघडेनात. अर्धांगाचा झटका होता. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला, जीभही वळायला लागली. उजवा हात तेवढा परत आला नाही. आणि कॅमेऱ्याचं बटण, तुम्ही पाहिलं असेल, उजवीकडेच असतं.

दूर नोकरी करणारी त्यांची लेक, घरात तिला बबडी म्हणतात, दर आठवड्याला एक खोकं पाठवायची. मनगटाचा पट्टा. हातमोज्यासारखी पकड. वाकणाऱ्या पायांचा चिमुकला स्टँड, जो पहिल्याच दिवशी तोंडावर पडला. चिमट्याचे दिवे, तेही तीन. काका खोकी उघडत नसत. काकू उघडायच्या, बघायच्या, परत बंद करून माळ्यावर टाकायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच एक दिवस एका हातानं राहून बघू. त्याशिवाय काय हवं ते कळायचं नाही.

"मला एवढंच सांगा," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "डाव्या हाताच्या माणसाला यातलं खरोखर काय उपयोगाचं? विकायचं म्हणून सांगू नका."

त्यानं काउंटरभर सामान मांडलं. काकूंनी एकेक वस्तू डाव्या हातानं वापरून पाहिली. पट्टा बांधायलाच दुसरा हात लागतो, बाद. बटणावर चिकटवायची लाल टिकली दिसायला छान, पण बटण राहिलं उजवीकडेच, बाद. पडद्यावरची काच, रबरी कवच, कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी पाणसळ, कार्डांचं पाकीट, हे सगळं कॅमेऱ्याच्या सुखासाठी, माणसाच्या नाही. धूळ उडवायचा रबरी फुगा त्यांनी एकदा दाबला, दोनदा दाबला. "हा बरा आहे. हा द्या."

मग दुकानदारानं हात वर करून मला काढलं. पाकिटावरची धूळ शर्टाला पुसली. "ही कोणी घेत नाही, वहिनी. कॅमेरा स्टँडवर चढवायचा, ही खुपसायची. मग बटण उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. हात जिथे असेल तिथे."

काकूंनी मला डाव्या मुठीत धरून बटण दाबलं. कॅमेरा खट्‌कन वाजला. त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि जरा वेळ तसाच काउंटरवर टेकवून उभ्या राहिल्या.

घरी काका मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. शेजाऱ्याचं सामान सांभाळायला घ्यावं तसा उजवा हात मांडीवर ठेवलेला. काकूंनी मला त्यांच्या डाव्या हातात दिलं.

"हे काय?"

"वायर आहे. तुमच्यासाठी."

"मला कशाला? तू काढतेस ना फोटो."

"काढते. पण माझ्या फोटोत सगळे मेल्यासारखे येतात हो."

"लोक तसेच असतात," काका म्हणाले आणि मला खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिलं.

तिथे मी पंधरा दिवस होते. काका खिडकीबाहेर बघायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई त्यांची बोटं उघडायच्या, मिटायच्या, टाचणी टोचून विचारायच्या, "कळतंय?" काका मान हलवायचे. नाही. रागानं नाही, दुःखानंही नाही. भाजी घ्यायची नसली की आपण भाजीवाल्याला हलवतो ना, तशी मान.

शेजारच्या शिंप्याला स्टुडिओची पुढची खोली भाड्यानं हवी होती. महिनाअखेरीपर्यंत सांगा, असं तो म्हणून गेला होता. काकू हो म्हणणार होत्या. काकांना विचारलं तर म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते."

महिना संपायला तीन दिवस उरले असताना एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. बाळाच्या कागदपत्रांसाठी फोटो हवा होता. समोर बघणारा, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. आता तीन महिन्यांच्या बाळाला हे कोणी समजवायचं? काकूंनी त्याला पांढऱ्या चादरीवर निजवलं, कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावला आणि वीस-बावीस फोटो काढले. एकात डोळे मिटलेले, एकात मूठ तोंडात, एकात नुसता कान.

"उद्या कागद द्यायचेत हो," बाळाची आई रडवेली झाली.

काठीचा आवाज आला. काका बाहेर आले, स्टँडशेजारच्या स्टुलावर बसले. "ती वायर आण," म्हणाले.

काकूंनी धावत जाऊन मला आणलं, पिन खुपसली आणि बाजूला झाल्या. त्या वेळी पहिल्यांदा काकांचा अंगठा माझ्यावर आला. गार आणि अडाणी. माझं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा नजर नीट करून घेतो, पूर्ण दाबलं की फोटो काढतो. उजव्या हाताच्या बोटाला हे झोपेतही कळलं असतं. डाव्या अंगठ्यानं एकदम गच्च दाबलं. पहिला फोटो पुसट आला. दुसऱ्याला उशीर झाला.

काका थांबले. मग बाळाच्या आईला म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला हाका मारू नका. त्याच्याकडे बघूही नका. भिंतीकडे बघा."

तिनं तोंड फिरवलं. आईचा आवाज कुठे गेला म्हणून बाळ थबकलं. मूठ खाली आली, डोळे मोठे झाले. अंगठा अर्ध्यावर आला. थांबला. आणि मग पूर्ण खाली गेला.

"झाला," म्हणून काका काठी टेकत आत गेले.

काकूंनी फोटो बघितला. चपला घातल्या, शेजारी गेल्या आणि शिंप्याला नाही म्हणून आल्या.

तेव्हापासून तीन वर्षं मी त्या डाव्या मुठीत आहे. अंगठा शिकला. गिऱ्हाइकं परत आली. पण काका पहिल्यासारखे झाले असं काकूंना कोणी म्हटलं, तर त्या नुसतं "हं" म्हणत. मला तो अंगठा रोज लागायचा. त्यात आनंद म्हणाल तर नव्हता, कंटाळाही नव्हता. तो वेळेवर खाली यायचा, एवढंच.

गेल्या महिन्यात बबडी आली. सामान ठेवायला माळ्यावर चढली आणि आपली सगळी खोकी बघून खाली उतरली.

"एवढं पाठवलं मी. यातलं एकही कामाला आलं नाही?"

"फुगा येतो की रोज," काकू म्हणाल्या.

"तो मी नाही पाठवला, आई."

काकांनी मला वर धरून दाखवलं. "ही कामाला आली."

"हीसुद्धा मी नाही पाठवली!" बबडीचा आवाज चिरकला. "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? तीन वर्षांनी दारात उभी राहिले तर म्हणालात, चपला आत घे."

काकूंनी मधे बोलायला तोंड उघडलं. काकांनी मान हलवली. मला मांडीवर ठेवून डाव्या हातानं लेकीचा हात धरला आणि आपल्या उजव्या हातावर ठेवला.

"हा हात आहे ना? आहे. ऊन-गार कळत नाही त्याला, पण आहे. माझंही तसंच झालंय बबडे. तू आलीस ते पोचलं. पण आत कुठे पोचलं ते मलाच सापडत नाही."

बबडीनं हात काढून घेतला नाही.

जरा वेळानं काका म्हणाले, "बस तिथे. स्टुलावर."

ती बसली. आधी रडली. मग नाक पुसलं. मग स्वतःशीच हसली, मग चिडली. "काढा ना बाबा, किती वेळ!" अंगठा अर्ध्यावर थांबून होता. इतका वेळ तो आजवर कुणासाठीच थांबला नव्हता. शेवटी बबडी दमली. खांदे खाली आले, चेहरा नेहमीचा झाला, घरात कोणी बघत नसताना असतो तसा. तेव्हा खट्‌कन वाजलं.

"हसायचं नव्हतं का?" तिनं विचारलं.

"नको. आहेस तशी हवी होतीस."

जाताना तिनं आईला सांगितलं, यापुढे काय हवं ते आधी विचारीन. एक खोकंही परत नेलं नाही. ती माळ्यावरच आहेत.

आता माझं सांगते. पिनेपाशी माझी कातडी फाटलीय. काकूंनी दोनदा चिकटपट्टी गुंडाळली. तरी आतली एक तार तुटत आलीय, आणि कधीकधी कोणी दाबलं नसतानाच मी वाजते. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो शिंकताना निघाला. असल्या वायरीनं काम चालत नाही, हे मलाही कळतं. काल काकू त्याच दुकानातून दुसरी घेऊन आल्या. ती अजून पाकिटात, माझ्याशेजारीच आहे. उद्या तिला लावतील.

तिला एवढंच सांगायचंय. बाई गं, तो अंगठा गार आहे, दचकू नकोस. अर्ध्यावर आला की बराच वेळ तिथेच राहील. तुला वाटेल, विसरला. विसरलेला नसतो. तू घाई करू नकोस, आपण होऊन वाजू नकोस. तो खाली येतो.