दिवा वाढवू नकोस

“मी येईपर्यंत दिवा वाढवू नकोस हं, सगुणा.”

आधी तेलाची बुधली हलवल्याचा पोकळ आवाज, मग थोडा खोकला आणि मग हे शब्द. पुंजारामबुवांना जाऊन चाळीसएक वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज कुठे गेला नाही. तो माझ्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुनी दिवळी आहे. दिवा ठेवायला भिंतीत सोडलेली जागा. खरं सांगायचं तर मी वस्तूच नाही. ज्या गवंड्याने ही भिंत बांधली, त्याने काळा दगड घडवला, चुना मळला, आणि माझ्या जागी मात्र काही ठेवलं नाही. ते न ठेवणं म्हणजे मी. वर छोटीशी कमान आहे. कमानीच्या आतल्या अंगाला, ओल्या चुन्यात उमटलेला त्याचा अंगठा अजून तसाच आहे.

नाशिक शहर तेव्हा जिथे संपायचं, तिथे द्राक्षबागांच्या मधोमध ही कीर्तन पाठशाळा उभी राहिली. चांदवड, इगतपुरी, कुठून कुठून शेतकऱ्यांची मुलं इथे कीर्तन शिकायला यायची. पुंजारामबुवा इथले गुरुजी, आणि त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ते मुलाला माझ्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, “दिवळीत गा.” मुलगा कमानीजवळ तोंड नेऊन गायचा आणि मी त्याचा आवाज त्याच्या कानावर परत ठेवायची. बेसूर असला तर बेसूर. आरसा चेहऱ्याचं जे करतो, ते मी आवाजाचं करत असे. “माझ्यापेक्षा ही बरी शिकवते. छडी लागत नाही हिला,” असं बुवा म्हणाले, की मला माझ्या पोकळपणाचा अभिमान वाटायचा.

सगुणाबाई इथे आल्या त्या आचाऱ्याची नवी सून म्हणून. आल्यापासून चुलीपाशीच. इकडच्या दालनात त्या फारशा येत नसत. एका श्रावणात बुवा इगतपुरीला सप्ताहाच्या कीर्तनाला निघाले, मुलं सुट्टीवर गेली होती, तेव्हा माझ्यातला दिवा बुवांनी सगुणाबाईंच्या हवाली केला. जाताना म्हणाले ते शब्द तुम्ही ऐकलेच. सगुणाबाईंनी पदर सावरून मान डोलावली.

बुवा आलेच नाहीत. इगतपुरीत कीर्तनाला उभे असतानाच कोसळले. घाटातला पाऊस असा, की निरोपसुद्धा दोन दिवसांनी पोचला.

सगुणाबाईंच्या माहेरी दिवा ‘विझव’ असं कुणी म्हणत नसे. ‘वाढव’ म्हणत. बांगडी फुटली की ती वाढली म्हणतात ना, तसंच. मी येईपर्यंत दिवा वाढवू नकोस, म्हणजे मी येईपर्यंत तो विझू देऊ नकोस. आणि बुवा तर आता कधीच येणार नव्हते. मग दिवा विझणार तरी कधी?

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यात अंधार झाला नाही.

पाठशाळा हळूहळू ओस पडली. दालनात पारवे राहू लागले. बागा तोडून विद्यापीठ आलं, काचेच्या इमारती आल्या, आणि मधोमध ही एक काळी इमारत तेवढी राहून गेली. विद्यापीठाने सगुणाबाईंना मागची खोली राहू दिली. त्या पहाटे स्नान करून तुळशीला पाणी घालायच्या, ओल्या केसांनी इथे यायच्या, वात सारखी करायच्या, तेल घालायच्या आणि मगच पाण्याचा घोट घ्यायच्या. दिवेलागणीला पुन्हा तेच. यजमान गेले त्या दिवशीही त्यांनी हे चुकवलं नाही.

सायली, त्यांची एकुलती मुलगी, ओझरला दिली. तिचं बाळंतपण झालं तेव्हा सगुणाबाई सकाळच्या गाडीने गेल्या, नातीला, आरोहीला, मांडीवर घेतलं आणि दिवेलागणीच्या आत परत आल्या. सायली इथे आली की माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, “तुझी मुलगी मी, की हा दिवा?”

“असं बोलू नये गं.”

“एक रात्र, आई. फक्त एक. आरोही विचारते, आजीला रात्री दिसत नाही का म्हणून.”

“येईन. एकदा तरी मुक्कामाला येईन. शब्द देते.”

“शब्द नको. तुझ्या शब्दांचंच भय वाटतं मला.”

ही बोलणीही माझ्यात आहेत. माझ्यातून काही जात नाही. संध्याकाळी वारा फिरला की मी आपोआप घुमते. वसतिगृहातली मुलं म्हणतात, पाठशाळेत भूत आहे. पैज लावून दारापर्यंत येतात, भिंतीतून ‘नकोस… नकोस…’ ऐकू आलं की पळतात. रिकाम्या जागेत कुणाचा तरी शब्द अडकून राहिला, तर त्याला भूत म्हणायचं का, ते मला माहीत नाही.

यंदा विद्यापीठाने पाठशाळा दुरुस्त करायला काढली. पुन्हा इथे संतवाङ्मयाचे वर्ग भरणार होते. कामावर रूपाली नावाची इंजिनिअर आली आणि पेठकडचा लहानू गवंडी. तीन भिंती सरळ झाल्या. माझी चौथी. ओल मुरून तिला पोट आलं होतं. पावसाळ्याआधी दगड उसवून पुन्हा रचले नाहीत, तर ती बसणार होती.

माझ्या भिंतीशी आल्यावर लहानूने पहिल्याच दिवशी हातोडा खाली ठेवला. “ताई, ह्या भिंतीला मी हात नाय लावायचा. आतून कोन तरी नको म्हनतंय.”

“लहानूभाऊ, पोकळी आहे ती. घुमते.”

“मंग तुम्ही लावा हात.”

रूपालीनेही हात लावला नाही. ती सगुणाबाईंकडे वळली. “मावशी, दिव्याचं काय करायचं?”

“पोरी, तो वाढवायला तेवढं मला सांगू नकोस.”

रूपाली हसली. “वाढवायला कोण सांगतंय? आहे तेवढाच राहू दे की. फक्त महिनाभर बंद करू.”

सगुणाबाईंनी कानावर हात ठेवले. लहानू हळूच म्हणाला, “ताई, वाढवायचा म्हंजी इझवायचा.”

“आणि मोठा करायचा असेल तर?”

लहानूने डोकं खाजवलं. “तवाबी वाढवायचाच.”

रूपालीने कपाळाला हात लावला. मग मऊ आवाजात म्हणाली, “ज्योत दुसऱ्या दिव्यावर घेऊ. तुमच्या खोलीत नेऊ. मग तर चालेल?”

“बुवा इथे येतील,” सगुणाबाई म्हणाल्या. “खोली त्यांना कुठे माहीत आहे?”

त्या हे इतक्या साधेपणाने बोलल्या, की लहानू नकळत दोन पावलं मागे सरकला.

दिवस जात राहिले. भिंतीचं पोट वाढत होतं. वरच्या साहेबांनी सांगून टाकलं, की एवढी अडचण असेल तर भिंत पाडा आणि नवी सरळ उभी करा, कोनाडा नको. रूपालीने ते सगुणाबाईंना सांगितलं. त्या संध्याकाळी तेल घालताना पहिल्यांदाच त्यांच्याकडून थेंबभर तेल माझ्या फरशीवर सांडलं.

आणि मग एक दिवस फकिरा आला.

पाठशाळा दुरुस्त होतेय हे ऐकून तो चांदवडहून आला होता. एके काळी माझ्यात सगळ्यात बेसूर गाणारा मुलगा. आता तोंडात पुढचे दात नव्हते आणि गळ्यात टाळ होते.

“सगुणाबाई, ओळखलं का? तुमच्या भाकरी चोरणारा.”

“चोरायची कशाला? मागितली असतीस तर दिली नसती का?”

“मागितलेल्या भाकरीला चव नसती ना बाई.” तो हसला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आरं, दिवा! आन वात किती बारीक ठेवलीय! बुवा लय खूश झाले असते. आमच्या मागं सारखे असायचे, ‘दिवा वाढवू नका रे, तेल काय आभाळातून पडतं?’ वात वर केली म्हनून लय मार खाल्ला मी.”

सगुणाबाईंचा हात हवेतच राहिला. “वात वर केली म्हणून?”

“तर काय! बुधली हालवून बघायचे, तळाशी वाजली की झालंच.”

“मग… झोपताना? दिवा मालवायला काय म्हणायचे?”

“‘दिव्याला निरोप द्या.’ रोज तेच. वाढवा नाय म्हनायचे कधी त्याला.”

  माझ्या आत बुधली हलली, पोकळ वाजली, खोकला आला. मित्रांनो, इतकी वर्षं मी तो आवाज जपला होता, पण जपणारा समजतोच असं नाही. तेल संपत आलं होतं. बुवा काटकसरी होते. एवढंच.

फकिराचं हसू मावळलं. “बाई, मी काय वंगाळ बोललो का?”

“नाही रे.” सगुणाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. “मला वाटलं, बुवांनी वाट बघायला सांगितलं.”

फकिरा त्यांच्या शेजारी बसला.  मग गळ्यातले टाळ काढून त्याने माझ्यासमोर ठेवले. “बाई, बुवांनी आमच्यासारख्या एवढ्या पोरांना शिकवलं. वाट एकट्या तुम्हीच पाहिली.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सगुणाबाई ओल्या केसांनी आल्या. हातात झेंडूचं फूल होतं. कमानीजवळ तोंड आणून, पूर्वी मुलं गायची तसं, त्या माझ्यात बोलल्या. “बुवा, वात मी कधी वर केली नाही आणि दिवा कधी विझू दिला नाही. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं. आता येऊ का मी?”

फुंकर त्यांनी मारली नाही. फुलाने ज्योतीला हलकेच दाबलं. माझ्यात अंधार आला. मला वाटलं होतं तो थंड असेल. तो उबदार होता.

रूपाली दारात उभी होती. सगुणाबाईंनी आदल्या संध्याकाळीच तिला आपलं ठरलेलं सांगितलं होतं, आणि तिने साहेबांशी बोलून नव्या भिंतीचा बेत रद्द करून घेतला होता. दिवा आता आड येत नव्हता. “मावशी, दगडांवर खुणा करून पुन्हा तसेच रचू. दिवळी राहील. शब्द देते.”

“शब्द देतेस तर नीट दे हो. कुठल्या अर्थाने राहील?”

“जिथे होती तिथे, जेवढी होती तेवढी. अंगठ्याचा ठसासुद्धा.”

सगुणाबाई हसल्या. मी त्यांचं हसू पहिल्यांदाच माझ्यात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीत एखादी अशी रिकामी जागा असेल, तर ती घाईने बुजवू नका. ती रिकामी नसते. आणि घरातलं मोठं माणूस दाराबाहेर पडताना काही सांगून गेलं, तर त्याला हाक मारून एकदा विचारा, “म्हणजे नक्की काय करू?” विचारल्याने कुणी लहान होत नाही. मी विचारू शकत नव्हते. तुम्ही विचारू शकता.

उद्या लहानू माझे दगड उसवणार आहे. आज जाताना तो कमानीला हात लावून हळूच म्हणाला, “नको म्हनू नगं आता.” मी गप्प राहिले.

बाहेर दिवेलागण झाली आहे. विद्यापीठाचे दिवे एकेक लागत आहेत. सगुणाबाई सवयीने आत आल्या, सवयीने बुधली उचलली आणि थांबल्या. कानाशी धरून त्यांनी ती हलवली. भरलेली होती. ती त्यांनी माझ्या फरशीवर, थंड दिव्याशेजारी ठेवली.

मग पदर सावरला, पिशवी काखेला लावली आणि ओझरची गाडी गाठायला त्या फाटकाकडे चालू लागल्या.