हिरव्या बांगड्यांतलं कुळथाचं पीठ

माझी बायको कौसल्या गेली हे कळलं तेव्हा मी साबणाच्या वडीचे फोटो काढत होतो. सकाळी छातीत दुखतं म्हणून ती भावासोबत, अजितसोबत, तपासायला गेली होती. आमच्याकडे मोबाइल दारापाशी जमा करावे लागतात, म्हणून अजितने ऑफिसच्या फोनवर फोन केला. तो एवढंच म्हणाला, "भावोजी, तुम्ही या." मला समजलं.

आमचं ऑफिस परळला, जुन्या मिलच्या आवारात. आम्ही ज्या दुकानांसाठी मशीन बनवतो, तिथे कॅशियर नाही. गिऱ्हाइकाने वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची, मशीन ती ओळखणार आणि बिल करणार. ओळखायला शिकावं म्हणून त्याला प्रत्येक वस्तूचे ढीगभर फोटो द्यावे लागतात. आधी फिरत्या चकतीवर, मग हातात धरून. आम्ही नवराबायको दोघे तिथे कामाला. कॅमेरा मी बघायचो, हात कौसल्याचा असायचा.

एप्रिलमध्ये अजितच्या मुलीचं लग्न झालं. कासार घरी आला आणि घरातल्या सगळ्या बायकांनी हिरवा चुडा भरला. एरवी कौसल्याच्या हातात एकेक बारीक सोन्याची बांगडी. पण हा चुडा तिने उतरवला नाही. त्याच आठवड्यात कुळथाचं पीठ आलं, चार-पाच बचतगटांची वेगवेगळी पाकिटं. ती सगळी तिने चुडा भरल्या हातांनी धरली. तो शेवटचा माल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं.

गौरी यायच्या तोंडावर लालबागच्या दुकानात मशीन लावून बघितलं. सणामुळे बायकांच्या हातात हिरव्या बांगड्या. एकीने साखर धरली, पडद्यावर आलं कुळथाचं पीठ. शाम्पू धरला, कुळथाचं पीठ. मागची बाई म्हणाली, "अगो, पिठीच कर आज सगळ्यांक!" दुकान हसलं.

मशीनला शिकवणाऱ्या आमच्या नूपुर मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"दौलतकाका, मशीन पाकीट शिकलंच नाही. बांगड्या शिकलंय. मी ते सगळे फोटो काढून टाकते, नवीन घेऊ."

"मॅडम, तो हात कौसल्याचा आहे."

"माहीत आहे मला."

"मला एक कॉपी मिळेल?"

"इथला एकही फोटो बाहेर नेता येत नाही, काका."

घरी तिचे फोटो आहेत. सगळ्यांत ती ताठ उभी, कोणीतरी हस म्हटलं म्हणून हसलेली. तिचा काम करणारा हात फक्त इथे आहे.

मी विचारलं, दुसरा काही मार्ग नाही का? मॅडम म्हणाल्या, आहे, पण वेळखाऊ आहे. बाकीचा माल हिरव्या बांगड्यांच्या हातात धरून फोटो घ्यायचे आणि पीठ साध्या हातात, तोही हात वेगळ्या माणसाचा. मग बांगड्यांवरून मशीन फसणार नाही आणि जुने फोटो राहू शकतील.

"पण सोमवारी मोठ्या साहेबांसमोर ट्रायल आहे. रविवारी संध्याकाळी सातला मी मशीनला सगळं देणार. तोवर झालं नाही तर ते फोटो डिलीट. काका, माझीही नोकरी आहे."

बांगड्या घालायला प्रिती तयार झाली. ती वरळीच्या बीडीडी चाळीतली, आमच्याकडे पाकिटांवरची नावं कॉम्प्युटरवर चढवते. मी त्याच संध्याकाळी लालबागला बांगड्या घेतल्या. दुकानदाराने माप विचारलं आणि मी लगेच सांगितलं.

सकाळी प्रितीने बांगड्यांचा डबा उघडला. "काय काका, माझं लग्न जमवलंत की काय? मुलगा तरी दाखवा आधी!"

बांगडी तिच्या पंजावर अडकली. तिने हाताला तेल लावलं, दाबली, तरी चढेना. दोन फुटल्या.

"कोणाचं माप आणलंत हो?" म्हणाली आणि फुटलेल्या काचा गोळा करायला लागली. मी कौसल्याचं माप सांगितलं होतं.

पुन्हा लालबागला जाऊन मोठं माप आणेपर्यंत अर्धा दिवस गेला. मग आम्ही बसलोच. तेल, डाळी, बिस्किटं, टूथपेस्ट. प्रिती धरत होती, मी काढत होतो. मध्येच ती म्हणायची, "काका, जेवा." मी घड्याळाकडे बघायचो. रात्री झोप लागली नाही. डोळे मिटले की वाटायचं, मॅडमचं बोट आत्ताच बटणावर आहे.

रविवारी दुपारी बाकीचा माल संपला. पीठ उरलं. साधा हात माझाच होता.

प्रिती कॅमेऱ्यामागे गेली, मी पाकीट धरलं. हात थरथरायला लागला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं तर तो हात फोटोत आला. टेबलावर कोपर टेकवलं तरी थांबेना. मॅडमनी पडद्यावर बघितलं. सगळे फोटो हललेले. मशीनला असे चालत नाहीत.

"काका, मी धरू का?" मॅडम म्हणाल्या. "माझाही हात चालेल."

मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. कौसल्यानंतर ते पाकीट मी धरावं असं वाटत होतं, एवढंच.

"पाणी प्या काका. थोडं बसा," प्रिती म्हणाली. "मॅडम, अजून वेळ आहे ना?"

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मी पाणी प्यालो आणि पाकीट पुन्हा उचललं. सहा वाजून गेले होते. कुळथाच्या पिठाचा एकही धड फोटो अजून निघाला नव्हता.