उटकटारीची निरगाठ

सुमनला पहाटेपासून कळा येत होत्या. ऊन माथ्यावर आलं तरी सुटका नव्हती. निजामाच्या अमदानीत हट्ट्यासारख्या खेड्यात दवाखाना कुठला! सुईण खुर्शीदबी हाच दवाखाना. थोरली लेक बाळंतपणातच गेली होती, म्हणून सुमनची आई जिवनबाई तिच्या उशापासून हलली नव्हती. अंगणात जावई माणिकराव येरझाऱ्या घालत होता.

"उटकटारीची मुळी आणा," खुर्शीदबी म्हणाली. "येणीत बांधली की लवकर सुटका हुती, पर सुरगाठ मारा. लेकरू आलं की तवाच सोडावं लागतं, न्हाई तर रगत थांबत न्हाई."

माळावर उटकटारी माजली होती. निळसर पांढऱ्या काटेरी चेंडूंच्या त्या झाडांना बकरीही तोंड लावत नाही. काटे पिवळ्या धोतऱ्यालाही असतात, म्हणून जिवनबाईनं पान उलटून पाहिलं. खाली पांढरी लव होती. हीच ती! मुळीला लोखंड लावायचं नाही म्हणून तिनं लाकडी खुंटीनं उकरलं, मग खोड धरून ओढलं. मूळ मोठं हट्टी. निघालं तेव्हा बोटाबोटांत काटे मोडले होते.

मुळी तिनंच लेकीच्या वेणीत काळ्या दोऱ्यानं बांधली. पण सुटून पडली तर? त्या धास्तीनं तिनं निरगाठीवर निरगाठ मारली आणि खुर्शीदबीला सांगितलं नाही.

लेकरू आलं, रडलं.

"मुळी सोडा!"

सुजलेल्या बोटांना गाठ सुटेना. दातांनी ओढली तर आणखी आवळली. गोधडी लाल होत चालली. थोरलीचीही अशीच भिजली होती. जिवनबाईनं कोपऱ्यातला विळा उचलला.

त्यांच्या घराण्यात बाईच्या केसांना धार लागायची ती एकदाच, नवरा गेल्यावर.

"बाई, नवरा जिता हाय तिचा!" खुर्शीदबी ओरडली.

"केस येतील. लेक कुठून आणू?" म्हणत जिवनबाईनं मुळीसकट वेणी कापली.

खुर्शीदबी पोट चोळत राहिली. हळूहळू रक्त ओसरलं.

ग्लानीतून जागी होताच सुमनचा हात मानेवर गेला. वेणी नव्हती.

"माय, त्यायला काय झालं? मला काहून सांगत न्हाईस?"

जिवनबाई अंगणात धावली आणि जावयाला मनगट धरून थेट बाळंतिणीच्या खोलीत ओढत आणलं. विटाळ कुणाला आठवला नाही.

"बघ, जिता हाय!"

माणिकराव घाबरून उभाच राहिला. सुमननं त्याला डोळे भरून पाहिलं. मग कुठं तिनं विचारलं, "पोरगं हाय का पोरगी?"