फोल्केची वाकडी नळी

"पण वाकवली कुणी?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

प्राध्यापक गुनिल्लाने दालचिनीच्या पावाचा तुकडा मोडला. "अगं इंगेला, वाकवणार कोण? फोल्केने. काच तोच फुंकतो ना!"

"ते ठाऊक आहे गं. वाकवायची, हे कुणाच्या डोक्यात आलं?"

ती चघळायची थांबली. विद्यापीठाच्या पेटंट कचेरीत बसून चौदा वर्षं मी असे प्रश्न विचारते आणि लोकांच्या कॉफीची चव घालवते. काय करू, खोदून विचारल्याशिवाय मला चैनच पडत नाही. दूध कारखान्याचं तपासणी यंत्र फेस चढून बंद पडायचं. या वाकड्या काचेच्या नळीने तो फेस मोडला. कारखाना पेटंटसाठी उतावीळ झालेला, अजून न पाठवलेल्या अर्जावर शोधक म्हणून एकट्या गुनिल्लाचं नाव. आणि तिच्या आराखड्यात नळी चक्क सरळसोट!

मी तडक तळघरातल्या कार्यशाळेत गेले. फोल्के रीडमार्क तिथे एकतीस वर्षं काच फुंकतोय. येत्या वसंतात निवृत्त होणार.

"सरळ नळीत फेस वर येणारच," तो म्हणाला. "म्हणून दोन वेढे दिले. त्यात काय एवढं?"

"अरे बाबा, त्यालाच शोध म्हणतात! अर्जावर तुझं नाव हवं."

त्याचे कान लाल झाले. "माझं? एकतीस वर्षांत कुणी लेखाखाली साधे आभार मानले नाहीत." मग खुर्ची ओढून माझ्यासमोरच बसला. "लिही. मला हवंय ते."

गुनिल्ला मनाची मोकळी. लगेच कबूल झाली. राहता राहिला पुरावा. नळी त्याने घडवली कधी?

"पुरावा ना? हा घे!" फोल्केने भिंतीवरचा फोटो काढून हातात दिला. सप्टेंबरमधला शनिवार, विद्यापीठ सगळ्यांसाठी खुलं असतं तो दिवस. फोल्के त्या नळीत साबणाचं पाणी उकळून दाखवतोय आणि भोवती निम्मं गाव.

मी फोटोवरून नजर उचलली. "कशी चालते, तेही सांगितलंस?"

"तर! शाळेतल्या एक बाई चित्र काढून घेऊन गेल्या. का गं?"

मग मला सांगावंच लागलं. अर्जाआधी चारचौघांत दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत. पेटंट बुडालं होतं.

फोल्केने फोटो परत हातात घेतला. "हा मी भिंतीवरून काढलाच नसता तर?"

"तर मला कळलंच नसतं."

"हं. पण त्या बाईंना ठाऊक आहे ना," तो म्हणाला. "नको. खोटं नको लिहायला."

कारखान्याच्या माणसाने फोनवर माझ्यावर आग पाखडली. मी प्रकरण बंद केल्याचा कागद तयार केला आणि सहीसाठी खाली नेला. फोल्केने चष्मा लावून सावकाश वाचलं, "शोधक फोल्के रीडमार्क यांनी अर्जापूर्वी नळी जाहीरपणे दाखवल्यामुळे प्रकरण बंद." त्याने सही केली.

"याची एक प्रत मिळेल?"

"कशाला रे?" मला फार वाईट वाटत होतं.

"बायकोला दाखवेन. यात मला शोधक म्हटलंय."

मी वर जाऊन प्रत काढली आणि तिच्यावर विद्यापीठाचा शिक्का मारला. तसा काही नियम नाही.