वच्छलाबाईचा उजवा हात

असोद्याच्या वच्छलाबाईचं ऑपरेशन जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात झालं, एक्याण्णव साली. शुद्धीवर आल्यावर तिला एवढंच सांगितलं गेलं की गाठ पिकली होती, काढून टाकली. उजवी छाती पार सपाट झालेली, टाके थेट काखेपर्यंत गेलेले, आणि म्हणे गाठ पिकली होती! वच्छलाबाई काही दुधखुळी नव्हती. दोन पोरींची लग्नं लावून मोकळी झालेली, केळीच्या बागेत गड्यांच्या बरोबरीनं राबणारी बाई. तिनं नवऱ्याला विचारलं, "येवढ्याशा गाठीसाठी येवढं कापता का हो?"

"डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजतं का?" कौतिक म्हणाला आणि पिशवी उचलून बाहेर गेला.

घरी आल्यावर तो रोज सकाळी तिच्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवायचा. ताकदीची आहे म्हणायचा. नवऱ्याला आपली एवढी काळजी आहे म्हणून तिला बरंही वाटायचं.

सहा महिन्यांत ती पुन्हा बागेत जायला लागली. पावसाळ्यात ताप आला तेव्हा गावातल्या झुलाल कंपाउंडरनं नेमकी उजव्याच हातात सुई खुपसून सलाइन लावलं. दिवाळीत कपाशी वेचताना बोंडांच्या सुकल्या टोकांनी बोटं ओरखडली, ती तिनं दरवर्षीसारखी पदराला पुसली. आणि मग हात जड व्हायला लागला. आधी ब्लाउजची बाही काचली. मग मनगटाचं हाड दिसेनासं झालं. होळीपर्यंत तो हात दुसऱ्या कोणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा दिसू लागला. भाकरी थापायला बसली की खांदा भरून यायचा, तवा उतरवताना डावा हात पुढे करावा लागायचा. सासू भागाबाई मायेची होती, पण तिची माया म्हणजे शेक. तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून ती सुनेचा हात रोज शेकायची. "वायू धरेल हाये, निंघून जाईन," म्हणायची. शेकलं की हात आणखीच तट्ट व्हायचा. शेजारणी हत्तीरोग म्हणायच्या आणि पाण्याची कळशी जरा लांब सरकवायच्या.

हे सगळं होत असताना कौतिक तिथेच खाटेवर बसलेला असायचा.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात वच्छलाबाई सोनगीरला गेली. थोरली बहीण लिलाबाई तिथे दिलेली, तिच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी दुपारी वच्छलाबाईला हुडहुडी भरली. तासाभरात हात कोपरापासून खाली लालबुंद झाला आणि दंडावर लाल रेघा उमटल्या. लिलाबाईनं हात लावून पाहिला आणि विस्तवाचा चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हात निस्ता इस्तो व्हयी जायेल शे वं माय!" तीस वर्षं सोनगीरला काढलेली लिलाबाई ओरडली. "हयद ऱ्हायनी बाजूले. चाल धुयाले!"

धुळ्याच्या दवाखान्यात तिला लगेच दाखल करून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली, ती डाव्या हातात. वॉर्डात बैसाणे सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, आवाजानं करड्या. तरुणपणी मुंबईत कॅन्सरच्या दवाखान्यात चार वर्षं काढून आलेल्या. त्यांनी ब्लाउज बाजूला करून जुनी जखम नीट पाहिली.

"ऑपरेशन कशाचं झालं होतं, ताई?"

"गाठीचं."

"कसली गाठ?"

"पिकेल व्हती म्हने."

सिस्टरनी काखेत बोटांनी चाचपून पाहिलं. मग विचारलं, "काखेतले गोळे काढलेत तुमचे. अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा तिथून जातात. त्या कापल्या की हात जपावा लागतो. कसा जपायचा, हे कोणीच सांगितलं नाही?"

"कोनीच नाही," वच्छलाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळाल्यावर कौतिक आला, जळगावचे कागद घेऊन. सिस्टर उभ्याउभ्याच वाचू लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. त्यांनी कागदावरची नजर उचलून कौतिककडे पाहिलं. ते पाहणं वच्छलाबाईला आवडलं नाही.

"काय लिहेल हाये?" तिनं विचारलं.

"सिस्टर, राहू द्या," कौतिक म्हणाला.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

सिस्टर खाटेवर तिच्याशेजारी बसल्या. "तुम्हाला छातीचा कॅन्सर झाला होता. वेळेवर काढला, ही चांगली गोष्ट. आणि खाली लिहिलंय, उजव्या हाताच्या काळजीबद्दल रुग्णाच्या पतीला समजावून सांगितले."

मरणाची भीती वच्छलाबाईला नंतर वाटली, चारआठ दिवसांनी, आणि चांगलीच वाटली. पण त्या घडीला आला तो निव्वळ संताप. कानशिलं तापाच्या वरताण तापली.

"तुमाले माहीत व्हतं?"

कौतिकनं मान हलवली.

"ते ताकदीची गोळी?"

"त्याचीच व्हती. पुन्हा व्हऊ नये म्हनून."

"डॉक्टरनं काय काय सांगतलं व्हतं तुमाले?"

"सुई टोचू नको देऊ. जखम नको, शेक नको. हात सुजला तर लगेच आन." कौतिकनं बोटं मोजत सांगितलं. "हे सांगतलं असतं तर तू इचारलं असतं, कशाले. मंग कॅन्सर सांगावा लागला असता. तू हाय खाल्ली असती. पितांबर म्हने, बाईमानसाले असं सांगायचं नसतं."

पितांबर म्हणजे धाकटा दीर, तालुक्याला कारकून. घरातला शहाणा माणूस.

"पितांबरचा हात हाये का हा?" वच्छलाबाईनं सुजलेला हात डाव्या हातानं उचलून त्याच्यापुढे धरला. "तुमची माय दररोज मीठ तापवून शेकत व्हती. तुम्ही खाटेवर बसेल व्हते, पाहत व्हते. तवा तरी तोंड उघडायचं! मी रडली असती, दोन दिवस जेवली नसती, इतकंच झालं असतं. ढोराले रोग झाला तर मालकाले सांगता. मी ढोर हाये अन् तुम्ही मालक, असंच ना?"

कौतिक रडू लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही.

ताप उतरल्यावर बैसाणे सिस्टरांनी तिला शिकवायला घेतलं. कौतिक पुढे सरसावला तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बसा. आधी त्यांना कळू द्या." मालिश कशी, तर हलकी, पोळीवरचं पीठ झटकावं तशी. आधी मान, मग दुसरी काख, मग छातीवरून पलीकडे वाट काढायची आणि सगळ्यात शेवटी सुजलेला हात. पट्टी बोटांपासून बांधायची, पंजाशी घट्ट आणि वर सैल. उलटं केलं तर पाणी खालीच तुंबतं. पट्टी बांधूनच भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रात्री हात उशीवर ठेवायचा. कातडीला खोबरेल लावायचं, कपाशीत जाताना जाड कापडाचा हातमोजा घालायचा, आणि जरा लाली दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

"कामच करायचं नाही का मंग?"

"करायचं. हात जखडून ठेवला तरी वाईटच. पण एकदम जड उचलू नका, हळूहळू वाढवा."

"पयल्यासारखा व्हईन?"

"खोटं नाही बोलणार, ताई. पुष्कळ उतरेल, आटोक्यात राहील. अगदी पहिल्यासारखा नाही होणार. सुरुवातीलाच आल्या असत्या तर बहुतेक एवढा वाढला नसता."

खरं बोलणारं माणूस दोन वर्षांनी पहिल्यांदा भेटलं होतं. त्या उत्तरानं वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीन महिन्यांत सूज निम्म्यावर आली. पितांबर भेटायला आला तेव्हा तिनं चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, तुमाले काही रोग झाला तर आमी तुमाले सांगावा, का तुमच्या बायकोले?" तो अर्धा कप तसाच ठेवून गेला.

मग ती जळगावला त्या डॉक्टरकडे गेली. कौतिकला बरोबर घेतलं, पण बोलली स्वतः. डॉक्टरांनी हात पाहिला, पट्टी पाहिली. "छान बांधलीय," म्हणाले.

"तुम्ही मले काबरं नाही सांगतलं?"

"नातेवाइकांना सांगितलं होतं. कागदावर नोंद आहे."

"नोंद हाये, हात माहा गेला."

"हे बघा बाई," डॉक्टर घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बायका घाबरतात, उपचार अर्धवट सोडून पळून जातात. जीव वाचला ना तुमचा?"

"वाचला. तुमचे उपकार हायेत, ते मी इसरनार नाही. पन काप माह्या अंगावर अन् बोलनं दुसऱ्यासंगं, हे कोन्त्या पुस्तकात लिहेल हाये? मी पळून गेली असती का नाही, हे मले इचारून तरी पाह्यचं!"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. माफी नाही, काही नाही. वच्छलाबाई बाहेर आली ती रागानंच.

बाहेर बाकावर यावलकडची एक बाई बसलेली होती, लताबाई नावाची. पदराखालून छातीवरची पट्टी दिसत होती. दवाखान्यातला पोरगेला कंपाउंडर ब्लडप्रेशरचा पट्टा तिच्या त्याच बाजूच्या दंडाला गुंडाळत होता.

"थांब रे!" वच्छलाबाई कडाडली. "त्या हाताले नाही. दुसऱ्या हाताले बांध."

कंपाउंडर चपापला. लताबाईचा नवरा उखर्डू लगबगीनं उठला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, तिले काही माहीत नाही. काही बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

लताबाईनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग वच्छलाबाईच्या हाताकडे.

"मले काय माहीत नाही?" तिनं विचारलं.

वच्छलाबाई तिच्याजवळ बसली. "तुह्या रोगाचं मी सांगू नाही शकत बहिनी, मी डॉक्टर नाही. हाताचं सांगते, तू निंघेपर्यंत बठ्ठं, सारं सांगते. पन आधी आत जाय अन् इचार. कागदावर काय लिहेल हाये, ते मले वाचून दाखवा म्हन. हे बाहेर राहतीन."

उखर्डू "अहो, अहो" करत राहिला. लताबाई उठली, पदर सावरला आणि आत गेली. दार मागून लागलं.

"पाचची गाडी चुकीन आपली," कौतिक हळूच म्हणाला.

"चुकू द्या," वच्छलाबाई म्हणाली आणि बाकावर नीट मांडी घालून बसली.